भूकंप, पाप आणि घराची भिंत

२४ जानेवारी १९३४. तिरुनेलवेलीच्या सभेत महात्मा गांधी बोलत होते. नऊ दिवसांपूर्वी, १५ जानेवारीच्या दुपारी, उत्तर बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले होते. मुंगेर शहराचा ढिगारा झाला होता, मुजफ्फरपूर मोडून पडले होते आणि दोन्हीकडच्या मृतांची संख्या मिळून दहा हजारांच्या पुढे जाणार होती. गांधी त्या काळात अस्पृश्यता निवारणासाठी देशभर फिरत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी समोरच्या लोकांना सांगितले.

रवींद्रनाथ ठाकुरांनी या विधानाला लेखी हरकत घेतली आणि ती गांधींकडेच पाठवली. १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’च्या अंकात गांधींनी ती छापली, सोबत आपले उत्तरही दिले. समाजमाध्यमांवर हा प्रसंग अधूनमधून वर येतो, तेव्हा तो ‘अंधश्रद्ध गांधी आणि विज्ञाननिष्ठ टागोर’ एवढ्यावर आटोपला जातो. ही वाटणी सोपी आहे आणि चुकीचीही. या वादात पणाला लागलेला प्रश्न विज्ञानापेक्षा नीतीचा अधिक होता. माणसावर कोसळणाऱ्या संकटाची जबाबदारी माणसाकडे कितपत जाते, आणि ती कोणाकडे जाते हे कसे ठरवायचे? इहवादी मानवतावाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचारसरणीचा गाभा याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

गांधींचे विधान दैववादी नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दैववादी मनुष्य संकटापुढे हात टेकतो. नशिबात होते ते झाले म्हणतो आणि स्वस्थ बसतो. गांधी नेमके उलट सांगत होते. जे घडले त्यात तुमच्या आचरणाचा हात आहे, तेव्हा आचरण बदला. मानवी कर्तृत्व आणि मानवी जबाबदारी या दोन्ही गोष्टी त्यांच्या म्हणण्यात होत्या, आणि ठासून होत्या. त्यामुळे ‘धार्मिक मनुष्य सारे देवावर सोडतो आणि इहवादी मनुष्य जबाबदारी घेतो’ ही नेहमीची मांडणी या प्रसंगाला लागूच पडत नाही. जबाबदारी दोघेही घ्यायला सांगतात. फरक असेल तर तो पुढच्या पायरीवर शोधावा लागतो.

तो फरक रवींद्रनाथांच्या हरकतीत सापडतो. निसर्गातील उत्पाताची कारणे निसर्गातच असतात, हे त्यांचे पहिले म्हणणे. मनुष्याच्या चुका आणि पापे कितीही मोठी असली तरी सृष्टीची रचना ढासळवण्याइतके बळ त्यांत नाही, हे दुसरे. तिसरे म्हणणे सर्वांत मार्मिक होते आणि तेच सर्वांत कमी आठवले जाते. असा युक्तिवाद गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांना अधिक शोभतो, असे रवींद्रनाथांनी लिहिले. गांधी आणि त्यांचे अनुयायी रूढी मोडत आहेत म्हणूनच देव कोपला, असे त्या विरोधकांनी म्हटले असते तर आपल्याला मुळीच आश्चर्य वाटले नसते, असेही त्यांनी नोंदवले.

एका भूकंपावरून अस्पृश्यता पाळणारा पापी ठरतो आणि त्याच भूकंपावरून ती मोडणाराही पापी ठरतो. दोघांच्या हाती पुरावा एकच, आणि दोघांपैकी कोण चूक हे तपासण्याची सोय नाही. ज्या आरोपाची शहानिशा करता येत नाही, तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने झुकतो. १९३४ च्या हिंदुस्थानात हा आवाज कोणाचा मोठा होता, हे वेगळे सांगायला नको. शिवाय मुंगेरच्या पडलेल्या भिंतींनी स्पृश्य-अस्पृश्य निवडून माणसे मारली नव्हती. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच अन्यायाच्या शिक्षेत दगावले, ही कसली न्यायव्यवस्था?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रवींद्रनाथ निरीश्वरवादी नव्हते. ईश्वर आणि मानव यांच्या नात्यावर त्यांनी ऑक्सफर्डला दिलेली व्याख्याने १९३१ मध्ये ‘द रिलिजन ऑफ मॅन’ या नावाने ग्रंथरूपात आली होती. तेव्हा इहवादी मानवतावादाचा मुख्य युक्तिवाद या वादात एका आस्तिकाने मांडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जवाहरलाल नेहरू मात्र त्या अर्थाने इहवादी होते. मुंगेरच्या ढिगाऱ्यांत फावडे हाती घेतलेल्या नेहरूंनी आत्मचरित्रात गांधींच्या विधानाने बसलेला धक्का लपवलेला नाही.

गांधींनी उत्तरात आपल्या श्रद्धेला पुरावा देता येणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला: आपली समजूत चुकीची ठरली, तरी त्या समजुतीमुळे आत्मशुद्धीचे प्रयत्न अधिक जोराने होतील, म्हणून तिने भलेच होईल. साऱ्या वादातील सर्वांत दुबळी जागा हीच आहे. उपयोगी पडते म्हणून एखादे कारण स्वीकारायचे ठरले, तर उद्या निरुपयोगी किंवा घातक कारणही तितक्याच सहज स्वीकारले जाईल. त्याला अडवणार कोण? आणि या मार्गाने अस्पृश्यतेचे तरी भले होते काय? जी गोष्ट ती सोसणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून अन्याय्य ठरते, तिला अन्याय्य ठरवण्यासाठी मुंगेरची जमीन हलावी लागावी, यात त्या अन्यायाचे गांभीर्य वाढत नाही, कमी होते.

महाडचा इतिहास येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला जमलेले हजारो लोक त्या तळ्याचे पाणी प्यायले. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. या साखळीतील प्रत्येक कडीला कर्ता आहे. ठराव कोणी केला, कोणी फिरवला, लाठ्या कोणी उचलल्या, निकाल कोणी दिला, हे कागदावर आहे. दोषी कोण हे विचारता येते आणि मिळालेले उत्तर तपासता येते. अस्पृश्यतेची जबाबदारी निश्चित करण्यासाठी आकाशाकडे पाहण्याची गरज महाडला कोणाला पडली नाही.

आणि भूकंपाची कारणे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी बिहारभर हिंडून पाहणी केली आणि १९३९ मध्ये विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. गंगेच्या उत्तरेला शेकडो किलोमीटरचा एक पट्टा असा आढळला की तेथील गाळाची, पाण्याने भरलेली जमीन हादऱ्यासरशी पातळ झाली. घरे कोसळण्याऐवजी कलली, खचली; भेगांतून उसळलेल्या वाळूने शेते झाकली आणि विहिरी बुजल्या. कोणत्या जमिनीवर कसे बांधू नये, याचा तो धडा होता. पापाच्या भाषेत हा धडा कधीच लिहिता आला नसता.

हा झगडा बिहारमध्ये प्रथम झाला असे नव्हे. त्याआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन अशीच उद्ध्वस्त झाली. तो सर्व संतांचा सण होता. सकाळची वेळ, चर्चे भाविकांनी भरलेली, मेणबत्त्या तेवत असलेल्या. भूकंप झाला, मागून समुद्राची लाट आली आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो भाविक प्रार्थना करीत असतानाच मेले. ‘जे आहे ते उत्तमच आहे’ या तत्त्वज्ञानावर संतापून व्हॉल्तेअरने दीर्घ काव्य लिहिले. ते वाचून रूसोने १८ ऑगस्ट १७५६ रोजी त्याला पत्र पाठवले. त्यातील एक मुद्दा फार पुढचा होता. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे निसर्गाने एका जागी रचली नव्हती, याकडे रूसोने लक्ष वेधले. लोक विरळ आणि हलक्या घरांत राहत असते तर हानी पुष्कळ कमी झाली असती. आणि कित्येक जण तर कपडे, कागदपत्रे वा पैसे आणायला परत घरात शिरले म्हणून प्राणांस मुकले.

गंमत अशी की रूसोने हे पत्र ईश्वराच्या बचावासाठी लिहिले होते. दोष ईश्वराचा नाही हे दाखवण्याच्या भरात तो घराच्या भिंतीपाशी येऊन पोहोचला, आणि तिथून पुढे ईश्वराला वगळूनही चालता येते हे नंतरच्या पिढ्यांच्या ध्यानात आले. जमीन हलणे ही निसर्गाची गोष्ट. माणसे मरणे ही बरीचशी माणसांची. इहवादी मानवतावादात जबाबदारीचे जे गणित आहे ते या एका फरकावर उभे आहे.

या गणिताला एक काळी बाजूही आहे आणि लिस्बनच्याच इतिहासात ती दिसते. राज्यकारभाराची सूत्रे पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या हाती होती. हा मनुष्य विलक्षण कर्तबगार होता. त्याने प्रेते समुद्रात विसर्जित करवून रोगराई टाळली, धान्याचे भाव वाढू दिले नाहीत, लुटारूंसाठी फाशीचे खांब उभारले. प्रत्येक धर्मग्रामाला प्रश्नावली पाठवली: हादरा किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, किती माणसे मेली. उत्तरे आजही लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नवे शहर रुंद रस्त्यांचे झाले आणि घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवण्यात आला, जो हादऱ्यात लवचिक राहतो. भूकंपशास्त्राच्या इतिहासात या साऱ्याला मानाचे स्थान आहे.

गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या वृद्ध जेसुइट धर्मोपदेशकाला हे मान्य नव्हते. भूकंपाचे खरे कारण लोकांची पापे असून पुनर्बांधणीपेक्षा प्रायश्चित्त महत्त्वाचे आहे, असे पत्रक त्याने १७५६ मध्ये काढले. पोंबालने त्याला राजधानीबाहेर घालवले. पुढे राजावरील हल्ल्याच्या प्रकरणात त्याला तुरुंगात टाकले आणि अखेर पाखंडाच्या आरोपावरून धर्मन्यायालयाकडे सोपवले. त्या न्यायालयाच्या प्रमुखपदी पोंबालचा सख्खा भाऊ होता. २१ सप्टेंबर १७६१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या मालाग्रिदाचा गळा आवळून त्याचा देह भर चौकात जाळण्यात आला. जेसुइटांवर आयुष्यभर टीका करणाऱ्या व्हॉल्तेअरनेही या कृत्याचा निषेध केला. गोव्याच्या इतिहासाच्या वाचकांना पोंबालचे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असते: १७७४ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशन त्याच्याच राजवटीत बंद झाले, जरी चार वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले. नको तेथे बंद करणे आणि हवे तेथे वापरणे, दोन्ही एकाच हाताने झाले.

मालाग्रिदाचे म्हणणे चूक होते. म्हणून त्याला जाळणारा विवेकवादी ठरत नाही. भूकंपाची नैसर्गिक कारणे मानणाऱ्या पोंबालने आपल्या स्वतःच्या कृत्यांची जबाबदारी तपासण्याची कोणालाही मुभा ठेवली नाही. देवाचे सिंहासन रिकामे करून त्यावर मंत्री बसला, एवढाच बदल झाला. इहवादाची टीका करणारे येथे बोट ठेवतात आणि ते रास्त आहे. ईश्वराला हिशोबातून वगळल्यावर माणसाच्या सत्तेला हिशोब मागण्याची व्यवस्था उरली नाही, तर हाती राहते ती केवळ अधिक कार्यक्षम जुलूमशाही.

या धोक्याची सर्वांत स्पष्ट जाणीव हिंदुस्थानात मानवेंद्रनाथ रॉय यांना होती, कारण ते त्या वाटेने स्वतः चालून आले होते. क्रांतिकारक, मग आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीतील मोठे नेते, मग तिच्यातून बहिष्कृत आणि ब्रिटिशांच्या तुरुंगात पाच वर्षांहून अधिक काळ; बिहार हादरला तेव्हाही ते कैदेतच होते. इतिहासाचे नियम ठरलेले आहेत आणि व्यक्ती ही त्यांचे साधन आहे, या समजुतीपासून ते हळूहळू दूर गेले. १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत त्यांनी नवमानवतावादाची बावीस सूत्रे मांडली. व्यक्ती हे त्यांतील मूल्यमापनाचे परिमाण आहे; राष्ट्र, वर्ग, पक्ष यांची महती व्यक्तीच्या स्वातंत्र्यावरून मोजायची. दोन वर्षांत त्यांनी आपला राजकीय पक्षही विसर्जित केला. सत्तेसाठी धडपडणारी संघटना आणि स्वतंत्र व्यक्ती यांचा मेळ बसत नाही, असा निष्कर्ष काढून तो स्वतःवर लागू करणारे राजकारणी फार थोडे.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या वर्तुळात आले, ही मराठी विचारविश्वाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना. अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही हे दाखवण्याच्या कामी याच तर्कतीर्थांनी १९३२ च्या सुमारास गांधींना मदत केली होती. पुढे रॉय यांच्या सहवासात त्यांचा आधार शास्त्रांकडून विवेकाकडे सरकला; ‘हिंदुधर्माची समीक्षा’ हा ग्रंथ त्या प्रवासाची साक्ष देतो.

रॉय यांच्यापुढे एक जुना तात्त्विक पेच होता. मनुष्य हा निसर्गाचाच भाग आहे आणि निसर्ग नियमबद्ध आहे, असे मानले तर मनुष्याच्या निवडीला अर्थ काय? जे व्हायचे ते होणारच असेल तर जबाबदार कोणाला धरायचे? त्यांचे उत्तर असे होते की निसर्ग नियमबद्ध आहे म्हणूनच विवेक शक्य होतो. उद्या दगड वर पडेल की खाली, याचा भरवसा नसता तर कोणालाही विचारपूर्वक कृती करता आली नसती. परिणाम आधी ओळखता येतो, म्हणूनच कृतीची निवड ही निवड ठरते. जबाबदारी ज्ञानाला चिकटलेली असते आणि ज्ञानाबरोबर ती वाढते. ज्याला परिणाम कळू शकत होता आणि जो काही करू शकत होता, त्याचा वाटा मोठा. ज्याला दोन्ही नव्हते, त्याचा लहान.

हे तत्त्व महाराष्ट्राच्या भूमीवर दोनदा कसोटीला लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. दख्खनचे पठार स्थिर आहे अशी तोवरची समजूत होती. कोयना धरणात पाणी साठू लागल्यापासून त्या भागात लहान हादरे जाणवत होते. आज जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून जगभरचे अभ्यासक कोयनेचे नाव घेतात. सृष्टीला हलवण्याचे बळ माणसाच्या पापात नाही, हे रवींद्रनाथांचे म्हणणे खरेच राहिले. पण त्याच्या धरणात थोडेसे आहे, ही भर त्यात घालावी लागली. पाप आणि धरण यांत फरक एवढाच की धरणातील पाण्याची पातळी आणि हादऱ्यांची संख्या शेजारी शेजारी मांडून पाहता येते.

दुसरी कसोटी किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. भूकंपाची तीव्रता बिहारच्या मानाने पुष्कळ कमी होती. मग इतके मृत्यू कशाने? उत्तर पुन्हा भिंतीत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या, दोन-तीन फुटांहून जाड भिंती. त्यांचा बाहेरचा आणि आतला थर बांधून धरणारे आरपार दगड जवळजवळ नाहीत. वर माळवद, आणि ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे जड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच घर पहाटेच्या काही क्षणांत थडगे झाले. लाकडी खांबांवर तोललेली माळवदे पुष्कळ ठिकाणी उभी राहिली, भिंती तेवढ्या ढासळल्या.

या भिंतींचा दोष गावकऱ्यांना देणे क्रूरपणाचे होईल. त्यांनी वाडवडिलांप्रमाणे, परवडेल त्या साहित्यात घरे बांधली. मात्र १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीत हादरे बसत होते. गावकरी घाबरले होते. देशाच्या भूकंपप्रवण नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगवलेला होता, आणि नकाशा काढणे, हादरे मोजणे, गवंड्यांना शिकवणे ही कामे ज्यांची होती त्यांच्याकडे ज्ञानही अधिक होते आणि अधिकारही. रॉय यांच्या मोजमापाने वाटा त्यांचा मोठा ठरतो. ‘देवाची करणी’ या शब्दांनी सर्वांत आधी सुटका होते ती याच मंडळींची. म्हणूनच हा वाद श्रद्धावंतांना दुखवण्याचा वा न दुखवण्याचा नाही.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. आखीव रस्ते आणि रांगेतल्या घरांच्या त्या वसाहती गावपणाला पारख्या आहेत अशी तक्रार तेथील लोकांनी केली, आणि ती खोटी नव्हती; लोकांना न विचारता आखलेले भलेही पोंबालच्याच वाटेने जाते. दुरुस्तीच्या कामात मात्र वेगळे काही घडले. शेकडो गावांत स्थानिक स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. अनुदान किती, मजबुतीकरण कसे करायचे, दगड कुठे आणि कसा बसवायचा, ही माहिती त्या घरोघरी पोहोचवू लागल्या. २००२ मध्ये भूकंपप्रवण विभागांची फेरमांडणी झाली, तेव्हा नकाशातला पहिला विभाग रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.